जुबैलची विहीण

आमच्या घरात एका माणसाच्या अज्ञानासाठी रोज दुवा मागितली जात असे. पहाटेच्या नमाजानंतर अम्मी हात उचलून आधी गावाकडच्या म्हाताऱ्यांची तब्येत, मग माझं नशीब, आणि शेवटी आवाज थोडा खाली आणून फहदचं डोकं असंच कोरं राहू दे, अशी विनवणी करायची. फहद म्हणजे अब्बांच्या कचेरीतला तरुण सौदी. अब्बा जुबैलमधल्या एका ठेकेदार कंपनीत टाइमकीपर होते. कामगारांची हजेरीची कार्डं, पाळ्या आणि ओव्हरटाइम हे सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. ते सौदीकरणाचे दिवस होते. परदेशी माणसांच्या खुर्च्यांवर हळूहळू देशातली माणसं बसवायची असा हुकूम निघाला होता, आणि अब्बांच्या खुर्चीसाठी कंपनीने फहदला निवडलं होतं. त्याला काम शिकवायचं ते अब्बांनीच. त्याला काम आलं की अब्बांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, पुढे वाढणार नव्हता, पासपोर्टावर फायनल एक्झिटचा शिक्का बसणार होता. गुरूने शिकवावं आणि शिष्य शिकला की गुरूने देश सोडावा, अशी ती गुरुकुल पद्धत होती.

सुदैवाने फहदला शिकण्याची घाई नव्हती. तो उंच, देखणा, अत्तराने दरवळणारा पोरगा होता. अंगातल्या पायघोळ, पांढऱ्या शुभ्र तोबेला सुरकुती पडू नये म्हणून तो खुर्चीत फार काळजीपूर्वक झोपायचा. अब्बा त्याच्यासमोर कार्डांचा गठ्ठा ठेवून म्हणायचे, “फहद, ये देखो, रात की पाळी का हिसाब.” फहद गठ्ठ्याकडे पाहायचा, गठ्ठ्यावर आपली गाडीची किल्ली ठेवायचा आणि म्हणायचा, “बुकरा, हाजी.” म्हणजे उद्या. आमच्या घरात या ‘बुकरा’ला शुभशकुनाचा मान होता. अब्बा संध्याकाळी दारात चपला काढत असतानाच अम्मी विचारायची, “आज काय म्हणाला?” अब्बा म्हणायचे, “बुकरा,” आणि अम्मी तव्यावर जास्तीची भाकरी टाकायची.

पण नुसत्या दुव्यावर भिस्त ठेवणारी माझी अम्मी नव्हती. तिने फहदच्या अज्ञानाला खुराक चालू केला. नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून त्यात भिजवलेली घावणं, वर साजूक तुपाचा हात. हा डबा ती अब्बांबरोबर कचेरीत पाठवायची. घावणं खाल्ल्यावर माणसाला किती वेळात पेंग येते, हे तिला आमच्या गावच्या जेवणावळींवरून ठाऊक होतं. फहद डबा चाटूनपुसून खायचा, “तुमच्या घरच्या हातांना सलामती” असं अरबीत म्हणायचा आणि दुपारच्या बांगेपर्यंत निवांत झोपायचा. दर महिन्याला मॅनेजर विचारायचा, काम शिकून झालं का? फहद प्रामाणिकपणे सांगायचा, अजून नाही. प्रामाणिकपणाने एवढं कल्याण झालेलं मी नंतरच्या आयुष्यात क्वचितच पाहिलं.

आमचा फ्लॅट जुन्या जुबैलमध्ये होता, दोन खोल्यांचा. खिडकीतला एसी दिवसरात्र एकाच स्वरात घुमायचा. तो षड्ज धरून मी गुणगुणायला शिकले, आणि आजही वीज गेली की माझा सूर ढळतो. वारा समुद्राकडून आला तर खारट मासळीचा वास यायचा, कारखान्यांकडून आला तर जळालेल्या अंड्याचा. अम्मी लग्नाआधी गावच्या शाळेत मराठी शिकवत असे. तिथली शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नाही. वर्गात मी एकटी होते. तिने मला वृत्तं शिकवली ती तांदळाच्या भाकरीवर. परातीत उकडीचा गोळा थापताना ती भुजंगप्रयाताचे लघुगुरू तळहाताने पाडायची, आणि भाकरी गोल आली की चरण बरोबर आला असं समजायचं. त्यामुळे माझ्या मनात छंदाला अजून वाफेचा वास आहे. इंग्रजी शाळेतल्या माझ्या मैत्रिणी घरी आल्या की ही धडपड पाहून “आंटी, व्हॉट इज शी डूइंग?” म्हणायच्या. अम्मी शांतपणे म्हणायची, “कविता थापतेय.”

बारावी झाली आणि मी घरी बसले. आमच्यासारख्या मुलींना तिथे पुढे कॉलेज नव्हतं, आणि गावी एकटीला पाठवायला अब्बा तयार नव्हते. त्या रिकाम्या वर्षात माझ्याकडे पहिलं काम आलं ते कंपनीच्या कॅम्पातून. कॅम्पात रत्नागिरीकडचे वेल्डर, फिटर, सुतार राहायचे. शुक्रवारी मेसच्या खिडक्यांना ब्लँकेटं लावून ते आवाज दाबून जाखडी नाचायचे. शक्तीवाले एका बाजूला, तुरेवाले दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एकमेकांना घातलेली गाण्यातली कोडी आणि टोमणे. त्यांचा शाहीर एक्झिटवर गावी गेला आणि दोन्ही बाजू मुक्या झाल्या. अब्बा त्यांच्याच तालुक्याचे. ते घरी येऊन म्हणाले, “बाय, तुझ्या त्या लघुगुरूंचा काय उपयोग होतो का बघ.”

मी जाखडी आयुष्यात पाहिली नव्हती. अब्बांनी खोलीत गोल फिरून, पाय आपटून ती मला दाखवली. खालच्या मजल्यावरचा शेजारी वर येऊन तब्येत विचारून गेला. मग मी लिहायला बसले. गण ते त्यांचे ते म्हणायचे. माझ्याकडे सवाल-जवाबाचं खातं. या आठवड्यात शक्तीवाल्यांसाठी मी तुरेवाल्यांची अब्रू काढायची आणि पुढच्या आठवड्यात तुरेवाल्यांच्या वतीने स्वतःचीच अब्रू काढायची. दोन्ही बाजूंना आपला शाहीर दुसरा आहे असं वाटायचं आणि दोन्ही बाजू अब्बांकडे निरोप पाठवायच्या, की समोरच्यांचा तो कोण आहे त्याला अक्कल कमी आहे. मी दर शुक्रवारी हरायचे आणि जिंकायचे. भुजंगप्रयाताच्या शिस्तीत वाढलेल्या माझ्यासारखीला त्या गाण्यांचा धसमुसळेपणा आधी टोचला, मग त्याची चटक लागली. तिथे ओळ सुबक असून चालत नव्हती, ती समोरच्याला लागावी लागे.

मेसमधला एसी कचेरीतल्या एसीपेक्षा गार होता, म्हणून एका शुक्रवारी फहद तिथे झोपायला गेला आणि जाखडीच्या ठेक्याने जागा झाला. शनिवारी त्याने अब्बांना विचारलं, ही गाणी कोण लिहितं? अब्बांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, “घर में से.” फहदने भुवया उंचावल्या, मग खुर्ची पुढे ओढली. त्या खुर्चीत तो पहिल्यांदाच पाठ सरळ ठेवून बसला होता, असं अब्बा सांगत. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. तिला हिंदी सिनेमांचं वेड. मेंदीच्या दिवशी बायकांच्या मैफलीत तिच्यासाठी एक हिंदी गाणं व्हावं, नवं, फक्त तिचं, अशी त्याची इच्छा होती. अब्बांच्या घरून ते आलं, तर तो अब्बांना कधी विसरणार नव्हता. “और काम?” अब्बांनी गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. फहद हसून म्हणाला, “काम बुकरा, हाजी. गाना यल्ला.” म्हणजे लगेच.

अब्बांनी ही बातमी घरी सांगितली तेव्हा अम्मीने गॅस बारीक केला. हिशेब उघड होता. गाणं चांगलं झालं तर फहद खूश राहील, आणि खूश फहद वर्षानुवर्षं झोपेल. गाणं बिघडलं तर तो रागावेल, आणि रागावलेला फहद कुणी सांगावं, कामाला लागेल. आमचा त्या देशातला मुक्काम माझ्या यमकांवर येऊन ठेपला होता.

“मुलीचं नाव काय?” मी विचारलं.

“तेच विचारलं मी,” अब्बा म्हणाले. “तो पंचिंग मशीनकडे बघत राहिला. मग माझ्या लक्षात आलं, परक्या पुरुषासमोर बहिणीचं नाव नाही घेत ते. तिच्या वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, चार चुलत्यांची सांगितली. त्याच्या ससाण्याचंसुद्धा सांगितलं.”

“दिसते कशी?”

“अगो, नाव नाही सांगत तो दिसणं सांगेल?”

“मग तिच्याबद्दल काय लिहायचं?”

अब्बांनी थोडा विचार केला. “ती त्याच्याहून लहान आहे.”

मी दोन दिवस कागदापुढे बसले. नाव नाही, रूप नाही, घर पाहिलेलं नाही, अंगण माहीत नाही. आणि ससाण्यावर नवरीचं गाणं उभं राहत नाही. शिवाय हिंदीत लिहायला गेले की माझी ओळ शाळेतल्या निबंधासारखी ताठ व्हायची. शेवटी अब्बाच म्हणाले, “मराठीत लिही. त्याला काय फरक कळतोय? हिंदी म्हणून देऊन टाकू.” ही अडचण सुटली. दुसरी अम्मीने सोडवली. ती कोलीम, गावाहून आलेली बारीक सुकी कोळंबी, निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “नवरीचं काही सांगता येत नसेल तर विहिणीवर लिही. विहीण काय, सगळीकडे सारखीच.”

आमच्याकडे लग्नात नवरीकडच्या बायका वराच्या आईला गाण्यातून नावं ठेवतात. तो तिचा मानच. “माझ्या लग्नात तुझ्या दादीला कुणी काही बोललं नाही,” अम्मी म्हणाली, “घरात सुतक होतं म्हणून. तर ती अजून म्हणते, मला मांडवात कुणी विचारलं नाही.” हा रिवाज हवेपाण्यासारखा सर्वत्र असणार, याबद्दल आम्हा तिघांच्याही मनात शंका नव्हती. आज मला त्या तिघांची गंमत वाटते: इतकी वर्षं त्या देशात राहून, तिथल्या माणसाच्या लग्नात, वरमाईची खोडी काढायला निघालेले ते तिघे. पण त्या वेळी मला फक्त एवढंच कळलं, की हात मोकळा झाला. एका बैठकीत गाणं उतरलं:

*विहीण आली दारी गो, वाट द्या तिला थोडी*
*पोट आधी आत आलं, मागून पायांची जोडी*

*सात ताटं जेवून म्हणते, भूक नाही बाई*
*आठव्या ताटाला कुणी आग्रह केला नाही*

*लेक माझा चांद म्हणते, चांद खरा बाई*
*रात्रभर हिंडतो आणि दिवसा दिसत नाही*

अब्बांनी वाचलं आणि डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, “चाल?”

चालीसाठी मला फहदच्या घरी बोलावण्यात आलं. लग्नात दफ वाजवणाऱ्या बायकांच्या ताफ्याची म्होरकी उम्म मबरूक नावाची एक वयस्क बाई होती. रुंद खांद्यांची, मनगटापर्यंत मेंदी, आवाज भट्टीत भाजलेला. ती शेगडीवर दफ शेकत बसली होती. कातडं तापलं की ते कानाजवळ नेऊन बोटाने टिचकी मारायची, आणि भाकरीसारखं पुन्हा परतायची. मी माझ्या ओव्या म्हणून दाखवल्या. तिने डोळे मिटून ऐकल्या, मग ठेका धरला आणि माझं गाणं कोलमडलं. आमची टाळी शब्दावर पडते. त्यांची टाळी दोन शब्दांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडत होती, जणू कुणी माझ्या ओळीच्या फटीत बोटं घालून ती रुंद करत होतं. मी थांबले की ती माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणायची, “या बिन्त, यल्ला,” पोरी, चल पुढे. तिसऱ्या दुपारी मला उमगलं, की ताल सांभाळायचाच नसतो, त्याच्यावर अंग टाकायचं असतं. भाकरीवर शिकलेले सगळे लघुगुरू त्या दिवशी वितळले. पुढे मी पोटासाठी साबणाची गाणी लिहिली, निवडणुकीची लिहिली, बालनाट्यातल्या उंदरांची लिहिली. कुठल्याही अनोळखी बाजात शिरताना आधी मी ती फट शोधते.

मेंदीच्या दिवशी मगरीबच्या, सूर्यास्ताच्या नमाजानंतर अम्मी आणि मी गेलो. मोठा दिवाणखाना, भिंतीलगत गाद्या, मध्ये ऊदाचा धूर, गहव्यातल्या, म्हणजे अरबी कॉफीतल्या, वेलचीचा तिखट सुगंध, आणि दारातून आत आल्याबरोबर काळ्या अबायांतून उमलणारे जांभळे, हिरवे, सोनेरी रेशमी झगे. नवरी मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. तिचं नाव नूरा होतं आणि तिच्या हनुवटीवर तीळ होता. दोन्ही गोष्टींवर सहज गाणं झालं असतं. समोर वरपक्षाच्या बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या मध्यभागी वराची, म्हणजे नासिरची, आई, उम्म नासिर. कृश, सरळ पाठीची, ओठ घट्ट मिटलेली. ती नुसती बसली होती तरी तिच्या आजूबाजूच्या बायका हळू बोलत होत्या.

उम्म मबरूकने दफ उचलला. फहदच्या आईने अभिमानाने सगळ्यांना सांगितलं, आता हिंदी गाणं. मी गाऊ लागले. दफांचा गडगडाट, टाळ्या, जिभा हलवून घातलेली ती लांबलचक किलकारी. नूरा लाजून मेंदीच्या हातांनी तोंड झाकू पाहत होती. पहिली ओवी गेली. दुसऱ्या ओवीत, सात ताटांपाशी, मला दिसलं की उम्म नासिरच्या हातातला गहव्याचा पेला ओठांपाशी थांबला आहे. तिसऱ्या ओवीत तिने तो खाली ठेवला. चांद दिवसा दिसत नाही असं म्हणून मी थांबले, तेव्हा तिने हात वर केला. दफ गप्प झाले.

“हे कुणी लिहिलं?” तिने अरबीत विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उम्म नासिर माझ्याकडे रोखून पाहत, शुद्ध आणि थोड्या गंजलेल्या मराठीत म्हणाली, “मी सात ताटं खाते?”

माझ्या मागे अम्मीने माझी ओढणी मुठीत धरल्याचं मला जाणवलं. फहदच्या आईला एक अक्षर कळत नव्हतं. ती एकदा विहिणीकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता. ठरलेलं लग्न, फहदचा राग, अब्बांची खुर्ची, सगळं एकाच सतरंजीवर मांडलेलं होतं आणि मी तिचं एक टोक ओढलं होतं.

“बोल,” उम्म नासिर म्हणाली. “माझ्या बापाची मुंबईत पेढी होती. आमच्या खाली कोकणातली माणसं राहायची. त्यांच्या लग्नांत मी गोळ्या खात बसायचे. म्हणून विचारते, सात?”

“यमकासाठी,” मी म्हणाले. सत्य तेवढंच होतं.

ती किंचित पुढे झुकली. तिने फहदच्या आईकडे बोट केलं, डोळे बारीक केले, आणि कुठल्यातरी जिन्याखालून शब्द एकेक वर आणावा तशी थांबत थांबत म्हणाली:

*सात ताटं म्हणता गो, वाढली फक्त दोन*
*उरलेली पाच ताटं खाणारी ती कोण?*

मला आनंद झाला हे कबूल केलं पाहिजे; भीती संपायच्या आधीच झाला. इतके शुक्रवार मी शक्ती आणि तुरा दोन्ही होऊन स्वतःशीच भांडले होते. समोर खरा माणूस पहिल्यांदा उभा राहिला होता. ती ओळ लागली होती, आणि जवाब बाकी होता. उम्म मबरूकला भाषा कळत नव्हती पण सवाल कळला असावा. तिने हलकेच ठेका धरला. मी त्याच्यावर अंग टाकलं:

*पाच ताटं झाकली गो विहिणीच्या नावे*
*रिकाम्या हाती घरी तिनं कसं बरं जावे?*

उम्म नासिर हसली. आधी खांदे हलले, मग तिने तोंडावर पदरासारखी ओढणी घेतली आणि अगदी आमच्या गावच्या बाईसारखी गदगदून हसली. तिने फहदच्या आईला सगळं अरबीत सांगितलं, दोन ओव्या अधिक तिखट करून. मग ताटं खरोखर मागवली. मग नवरीकडच्यांनी नासिरच्या झोपेवर अरबीत एक कडवं रचलं, वरपक्षाने फहदच्या झोपेवर रचलं, आणि मैफल हाताबाहेर गेली. निघताना तिने माझी हनुवटी धरली. “माझं लग्न इथेच झालं,” ती म्हणाली. “सगळ्यांनी फार आदराने वागवलं. मी वाट बघत होते, आता कोणीतरी मला किंवा माझ्या सासूला नावं ठेवेल.” मग अम्मीच्या हातात ऊदाची कुपी कोंबून गेली.

त्या रात्री आम्ही तिघं घावणं खाऊन झोपलो. मुक्काम पक्का झाला होता.

शनिवारी फहद कचेरीत अब्बांच्या आधी पोचला होता. गाडीची किल्ली खिशात होती. त्याने उभं राहून अब्बांच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, की हाजींनी त्याच्या घराची शान वाढवली. आता ते परके नाहीत, चुलत्यासारखे आहेत. आणि चुलत्याचा पुतण्या ढ राहिला तर लोक चुलत्यालाच हसतील. तेव्हा यल्ला. अब्बा म्हणाले, “घाई नाही बेटा, बुकरा.” फहद म्हणाला, “ला, हाजी. आज.” त्याने गठ्ठा ओढला. त्या आठवड्यात तो पाळ्या शिकला, पुढच्या आठवड्यात ओव्हरटाइम. अम्मीने डब्यात तूप वाढवलं. तो डबा घरी परत पाठवू लागला, की काम करताना सुस्ती येते.

“पोरगा हुशार निघाला गो,” अब्बा एका संध्याकाळी म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतंच, पण मास्तराचा न लपणारा आनंदही होता. “माझी एक जुनी चूक दाखवली त्याने आज. बरोबर होतं त्याचं.”

अम्मीने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, “गाणं थोडं वाईट लिहायला काय झालं होतं तुला?”

मॅनेजरने विचारलं तेव्हा फहदने पुन्हा प्रामाणिकपणे सांगितलं, खलास, शिकलो. सांगून झाल्यावर त्याचा अर्थ त्याच्या ध्यानात आला असावा. शिक्का बसल्यावर तो रदबदलीसाठी फिरला, कफीलकडे, म्हणजे आमचा जामीन असलेल्या मालकाकडे, गेला, चार चुलत्यांना घेऊन गेला; पण हुकूम खुर्चीचा होता, आणि खुर्ची तर तोच भरून बसला होता. आमचं सामान बांधलं गेलं. कंपनीची बस त्याने नाकारली आणि दुपारी स्वतःची गाडी घेऊन आला.

धाहरानच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता सरळ आणि पांढरा होता. पुढे फहद आणि अब्बा, मागे अम्मी आणि मी. जुबैल मागे पडलं. मग फहद, आरशात चुकूनही न पाहता, रस्त्याला उद्देशून म्हणाला, “हाजी, घरातल्या सगळ्या बायका ते गाणं गातात. मी आलो की गप्प होतात. मैफल बायकांची होती. मी मागितलं आणि मीच ऐकलं नाही.”

त्याला पुढे काही मागता येत नव्हतं आणि मला तिथे गाता येत नव्हतं, हे गाडीतल्या चौघांनाही कळत होतं. अब्बांनी खिडकीबाहेर पाहिलं. घसा खाकरला. मग उभी हयात दुसऱ्यांची वेळ मोजण्यात घालवलेला, ताल नावाची गोष्ट अंगात अजिबात नसलेला माझा बाप, परमुलखातला शेवटचा तास चालू असताना, विहिणीला वाट द्या म्हणून गाऊ लागला. सूर तीन ठिकाणी फुटला. सात ताटांपाशी ते अडले. अम्मीने मागून कुजबुजत शब्द पुरवला. चांदाची ओवी त्यांनी हिंदीत समजावून सांगितली, तेव्हा फहदने स्टिअरिंगवर थाप मारली. “नासिर,” तो म्हणाला, “वल्लाह, बिलकुल नासिर.” त्याचे डोळे ओले होते आणि तो हसत होता. त्याने गाडीचा वेग कमी केला, इतका की मागची वाहनं हॉर्न देत बाजूने निघून जाऊ लागली.

“फिर से, हाजी,” तो म्हणाला.

अब्बांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत चुकले. तेव्हा परक्या पुरुषासमोर कधी मोठ्याने न बोललेल्या माझ्या अम्मीने, नकाबाआडून, वर्गात पोराला थांबवावं तसं त्यांना थांबवलं, आणि स्वच्छ उघड्या आवाजात ती ओळ स्वतः गाऊन दाखवली.